देवळालीचा ताप आणि सिंगापूरहून परतलेले सैनिक

ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी 'डुलॅली' हा शब्द एखाद्या म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या तोंडून ऐकला असेल. 'तो जरा डुलॅली झालाय' म्हणजे त्याचं डोकं ठिकाणावर नाही. बोलणाऱ्याला बहुतेक वेळा पत्ताही नसतो की आपण नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेतोय. ते गाव म्हणजे देवळाली.

पूर्ण शब्दप्रयोग आहे 'डुलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे आपला ताप. मराठीत आपण वैतागून 'डोक्याला ताप झालाय' म्हणतो, तेव्हा नकळत त्याच शब्दप्रयोगाच्या अगदी शेजारी उभे असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला ब्रिटिश फौजेची छावणी झाली. हवा बरी, रेल्वे जवळ आणि मुंबई बंदर एका दिवसाच्या आत. हिंदुस्थानातली नोकरीची वर्षं भरलेले गोरे शिपाई इथे आणून ठेवले जात आणि बोट आली की मुंबईला पाठवून इंग्लंडला रवाना केले जात. अडचण अशी की सैनिकांच्या बोटी साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. एखाद्याची मुदत चुकीच्या महिन्यात संपली तर त्याने करायचं काय? थांबायचं. कधी काही आठवडे, कधी काही महिने.

फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा शिपाई विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशात होता. १९३६ साली त्याने आपल्या या नोकरीच्या आठवणी छापल्या आणि त्यात या तापाची हकिगत दिलीय. लढाईत ज्यांचं काही बिघडलं नव्हतं असे लोक देवळालीत बिघडत. काम नाही, कवायत नावापुरती, खिशात थोडे पैसे, आणि घर अजून हजारो मैल लांब. मग दारू, मारामाऱ्या, गुप्तरोग, मलेरिया, आणि काहींच्या बाबतीत खरंखुरं वेड. बीबीसीने सत्तरच्या दशकात देवळालीच्या छावणीवर एक विनोदी मालिका काढली. ती आज बघवत नाही, पण त्या निमित्ताने हा शब्द आणखी एका पिढीच्या कानावर पडला.

मला या शब्दात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. सैनिकाच्या मनाच्या आजाराला इतिहासात जी नावं मिळाली, ती बहुतेक लढाईशी जोडलेली आहेत. पहिल्या महायुद्धातला 'शेल शॉक' म्हणजे तोफगोळ्याचा धक्का. व्हिएतनामहून परतलेल्यांच्या लढ्यामुळे १९८० साली अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत आलेलं पीटीएसडी हेही एखाद्या भयंकर घटनेपासूनच सुरू होतं. देवळालीचा ताप मात्र लढाईचा नाही. नोकरी संपली आणि घर आलं नाही, या मधल्या जागेचा तो आजार आहे. डॉक्टरांनी हे नाव ठेवलेलं नाही. ते बराकीतून आलंय, म्हणजे ज्यांना होत होतं त्यांनीच ठेवलंय.

पॉडकास्टच्या भागात आम्ही सिंगापूरच्या पाडावाबद्दल आणि युद्धकैद्यांबद्दल बोललो. कैदेतून सुटल्यावर काय झालं, हे वेळेअभावी राहून गेलं. या लेखात तेच आहे. आणि त्यासाठी नाशिकहून थोडं खाली, अहमदनगरला यावं लागतं.

२७ डिसेंबर १९४१ रोजी ब्रिटिश फौजेच्या १८ व्या डिव्हिजनचा मोठा भाग मुंबईत उतरला. ही बहुतेक पूर्व इंग्लंडमधली पोरं, नॉरफोक, सफोक, केंब्रिजशायर इथली, बरीचशी शेतकरी आणि दुकानांत काम करणारी. त्यांना वाळवंटात लढण्याचं शिक्षण मिळालं होतं, कारण जायचं होतं मध्यपूर्वेत. वाटेत जपानने युद्ध पुकारलं आणि बेत बदलला. यातल्या दोन ब्रिगेड सुमारे तीन आठवडे नगरला राहिल्या. जंगलातल्या लढाईची तयारी करायला नगरची माळरानं निवडावीत, यावर नगरकर वाचकांनी हवं तर हसून घ्यावं. २३ जानेवारीला बोटी मुंबईहून सुटल्या, २९ तारखेला सिंगापूरला लागल्या आणि १५ फेब्रुवारीला शहर पडलं. उतरल्यापासून सतरा दिवस. त्यानंतर साडेतीन वर्षं कैद. आधी चांगी आणि मग अनेकांच्या नशिबी थायलंड-ब्रह्मदेश रेल्वे.

त्याच कैदेत हिंदी सैनिकही होते, आणि संख्येने जास्त. १७ फेब्रुवारी १९४२ रोजी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांच्या वर हिंदी शिपाई जमवण्यात आले. इथे राहत असाल तर ही जागा तुमच्या रोजच्या नकाशातली आहे. लिटल इंडियाच्या पुढचं स्टेशन, शनिवारी भाजी घ्यायला जातो तो भाग. गोरे अधिकारी आणि सैनिक वेगळे काढून चांगीला पाठवले होते. एका ब्रिटिश कर्नलने हिंदी सैनिकांना जपानी मेजर फुजिवारांच्या ताब्यात देत असल्याचं जाहीर केलं, फुजिवारा बोलले, आणि मग कॅप्टन मोहन सिंग यांनी आझाद हिंद सेनेत येण्याचं आवाहन केलं. आदल्या आठवड्यापर्यंत ज्या साहेबाच्या हुकमावर मरायचं होतं, तो साहेब कागदावर सही करून निघून गेला. राजकारण घटकाभर बाजूला ठेवा आणि एखाद्या शिपायाच्या जागी उभं राहून बघा. पुढच्या काही महिन्यांत त्याला एक निर्णय घ्यायचा होता, आणि ज्यांच्याकडे बघून तो आयुष्यभर निर्णय घेत आला होता त्यातलं कोणीच त्या मैदानावर नव्हतं.

या कैद्यांमध्ये पंजाब, गढवाल, हरियाणा इथले लोक जास्त. पण खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्याही मलायात लढल्या होत्या. सॅपर म्हणजे पूल बांधणारा आणि तितक्याच वेळा माघार घेताना पूल उडवणारा. मलायाच्या त्या माघारीत उडवण्याचंच काम जास्त पडलं.

हिंदी कैद्यांच्या छावण्या शहरभर होत्या. बिदादरी, नी सून, सेलेटार, टायरसॉल. यातल्या बिदादरीत आज नवी एचडीबी वसाहत उभी राहिलीय. एप्रिल १९४२ मध्ये हिंदी अधिकाऱ्यांनी आझाद हिंद सेनेच्या उद्देशांचा ठराव केला तो 'बिदादरी ठराव' म्हणूनच ओळखला जातो. घर बघायला गेलेल्या मराठी जोडप्यांना एजंट शाळा आणि स्टेशन किती जवळ आहे ते सांगतो, हे सांगत नाही. त्याचाही दोष नाही.

आझाद हिंद सेनेत किती जण मनापासून गेले, किती जण उपासमार चुकवायला, किती जण जपान्यांच्या हातून आपली माणसं वाचवायला, यावर इतिहासकारांचे वाद संपलेले नाहीत आणि या लेखात ते संपवायचे नाहीत. जे गेले नाहीत त्यांतल्या अनेकांना जपान्यांनी मजूर म्हणून दक्षिणेच्या बेटांवर पाठवलं. न्यू गिनीतल्या वेवाकला १९४३ मध्ये सुमारे ३,००० हिंदी कैदी नेले गेले. युद्ध संपल्यावर सप्टेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याला सेपिक नदीकाठी अंगोराम इथे त्यांतले अकरा जण जिवंत सापडले. जमादार चिंत सिंग त्यांच्यात होते. युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत साक्ष द्यायची म्हणून त्यांना मागे ठेवून घेतलं. बाकीचे दहा जण घरी जायला निघाले आणि त्यांचं विमान कोसळलं. कोणीच वाचलं नाही. चिंत सिंग साक्ष देत राहिले. मेलेल्या सगळ्यांच्या वतीने बोलणारा एकटा माणूस, हे ओझं कोणत्या खान्यात बसवायचं हे मला अजून कळलेलं नाही.

आता परतीकडे येऊ.

ब्रिटिश कैदी सुटले तेव्हा त्यांना एक पत्रक देण्यात आलं. वर्तमानपत्रांशी बोलू नका, आपल्या सोबत्यांचं काय झालं याचे तपशील सांगून त्यांच्या घरच्यांना दुःख देऊ नका, असा त्याचा मतलब. हेतू वाईट नव्हता. पण साडेतीन वर्षांनी सुटलेल्या माणसाला सरकारने सांगितलेली पहिली गोष्ट काय, तर गप्प बस.

त्याच वेळी त्याच सरकारात काही मनोविकारतज्ज्ञ उलट्या दिशेने काम करत होते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकशी संबंधित ए. टी. एम. विल्सन, एरिक ट्रिस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना युरोपातून परतलेल्या कैद्यांमध्ये एक गोष्ट दिसली होती. सुटकेचा आनंद ओसरला की ही माणसं चिडचिडी होतात, घरात परक्यासारखी वागतात, गर्दी सहन होत नाही, नोकरी टिकत नाही. त्यांचं म्हणणं असं होतं की आजार एकट्या माणसाच्या डोक्यात शोधून भागणार नाही. माणूस आणि त्याचं घर, त्याचं गाव, यांच्यामधला धागा तुटलाय आणि तो दोन्हीकडून पुन्हा विणावा लागेल. यातून 'सिव्हिल रीसेटलमेंट युनिट' नावाची वीस केंद्रं ब्रिटनभर निघाली.

या केंद्रांत जाणं ऐच्छिक होतं. मुक्काम साधारण महिनाभराचा. इस्पितळाचं वातावरण मुद्दाम टाळलेलं. कारखान्यांत जाऊन काम कसं असतं ते बघायचं, सुतारकाम-यंत्रकाम करून बघायचं, रेशनकार्ड कसं वापरायचं ते शिकायचं, गटात बसून बोलायचं, शनिवार-रविवार घरी जायचं. बायकोला, आईला बोलावून त्यांच्याशीही बोलायचं. मनोविकारतज्ज्ञ हजर असे, पण तो मागून वावरायचा. आज 'समूह उपचार' म्हणून जे चालतं त्याच्या आरंभीच्या मोठ्या प्रयोगांपैकी हा एक. पूर्वेकडून सुटलेल्या कैद्यांपैकीही काही हजार तिथे गेले.

सगळे गेले नाहीत. एरिक लोमॅक्स हे त्यातलं सर्वांत माहीत असलेलं नाव, त्यांच्या 'द रेल्वे मॅन' या आत्मकथनावर चित्रपट निघाल्यामुळे. सिग्नल्सचे अधिकारी, सिंगापूरला पकडले गेले, कांचनाबुरीला चोरून रेडिओ बनवला म्हणून हाल झाले, आणि मग सिंगापूरच्या आउट्रम रोड तुरुंगात रवानगी. घरी एडिंबराला पोचले तेव्हा आई वारलेली होती, वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. पुढची चाळीस वर्षं ते या विषयावर जवळजवळ बोललेच नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हेलन बाम्बर यांच्या छळपीडितांसाठीच्या संस्थेत मदत मिळाली, तेव्हा त्यांनी सत्तरीत पाऊल टाकलेलं होतं किंवा टाकणार होते. १९९३ साली ते त्या पुलापाशी ताकाशी नागासे यांना भेटले. त्यांच्या चौकशीच्या वेळचा जपानी दुभाषा तो हाच. या भेटीवर सगळ्यांचं लक्ष जातं. मला त्याआधीची चाळीस वर्षं जास्त बोलकी वाटतात.

आउट्रमचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. आउट्रम पार्क स्टेशनच्या वरचा परिसर पूर्वी 'सिपॉय लाइन्स' म्हणून ओळखला जायचा, म्हणजे हिंदी शिपायांच्या बराकींची जागा. १८८७ साली सिंगापूरचं नवं वेड्यांचं इस्पितळ इथेच बांधलं. १९२८ मध्ये इस्पितळ यिओ चू कांगला गेलं, १९५१ पासून त्याचं नाव वुडब्रिज झालं, आणि त्याचा वारस आज बुआंगकॉकला आहे. जपानी काळात हे इस्पितळ लष्कराने घेतलं आणि शेकडो मनोरुग्ण सेंट जॉन्स बेटावर हलवले. म्हणजे शिपायांची बराक, मनोरुग्णांचं इस्पितळ आणि लोमॅक्सचा तुरुंग हे तिन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आज तिथे सिंगापूर जनरल हॉस्पिटल आहे.

आता हिंदी सैनिक. त्यांनाही सुटकेनंतर छावण्यांत ठेवलं, त्यांच्याशीही बोलायला खास माणसं नेमली होती. फक्त ती माणसं मनोविकारतज्ज्ञ नव्हती, गुप्तचर खात्याची होती. प्रत्येकाची चौकशी करून त्याला एक रंग द्यायचा. निष्ठा टिकवली तो पांढरा. फसला किंवा दबावाखाली गेला तो करडा. मनापासून आझाद हिंद सेनेत गेला तो काळा. यावर सगळं ठरणार होतं. कैदेतल्या वर्षांचा पगार मिळणार की बुडणार, पलटणीत परत घेणार की काढणार, पेन्शन राहणार की जाणार, आणि अगदी टोकाला, खटला होणार का.

इथे माझं म्हणणं थोडं नेमकं मांडतो. ब्रिटिशांनी गोऱ्या कैद्यांची काळजी घेतली आणि काळ्यांची घेतली नाही, इतकं हे सोपं नाही. गोऱ्यांनाही गप्प बसायला सांगितलंच होतं, आणि केंद्रांपर्यंत न पोचलेले लोमॅक्ससारखे कितीतरी होते. फरक होता तो विचारलेल्या प्रश्नात. एकाला निदान काही ठिकाणी विचारलं गेलं, 'तुझं काय झालं?' दुसऱ्याला विचारलं गेलं, 'तू कोणाकडून होतास?' या दुसऱ्या प्रश्नाला रात्री झोप न येणं, सोबत्याच्या मरणाची टोचणी, अंगावरून कोणाचा हात गेला तरी दचकणं, ही उत्तरं चालत नाहीत. आणि जे प्रश्नात बसत नाही ते फाइलीतही उतरत नाही. म्हणूनच आम्हा इतिहासकारांना या माणसांच्या निष्ठेबद्दल कपाटंच्या कपाटं भरून कागद मिळतात, आणि झोपेबद्दल जवळजवळ काहीच नाही.

मागे जाऊन कोणाला पीटीएसडीचं लेबल लावायचा माझा विचार नाही. १९४५ च्या शिपायाला १९८० ची चिठ्ठी चिकटवणं हे वाईट इतिहासलेखन आहे. पण देवळालीच्या बराकीतल्या त्या जुन्या नावाने बघितलं तर चौकशीच्या छावण्यांमध्ये काय चाललं होतं ते ओळखू येतं. युद्ध संपलंय, मायदेशाच्या मातीवर पाय टेकलाय, आणि घर मात्र रंग ठरेपर्यंत बंद. तोच तो मधल्या जागेतला मुक्काम, फक्त या वेळी बोटीची नाही, शिक्क्याची वाट बघायची.

घरी गेल्यावर काय? पश्चिम महाराष्ट्रातल्या फौजी गावांमध्ये वाढलेल्यांना हे चित्र कल्पनेने रंगवावं लागणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या मिलिटरी अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत, आणि तसा शिलालेख गावात आहे. न आलेल्यांची मोजदाद दगडावर होते. आलेल्यांची होत नाही. त्याच युद्धात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला सहावी पूना डिव्हिजन वेढ्यात अडकली, तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि एप्रिल १९१६ मध्ये शरणागतीनंतर त्या तुर्कांच्या कैदेत गेल्या. म्हणजे कैदेतून परतलेला सैनिक आपल्याकडे सिंगापूरच्या आधी एक पिढी येऊन गेला होता. त्याच्यासाठी भाषेत शब्दही होते. 'लढाईवरून आल्यापासून बोलत नाही.' 'डोकं तापट झालंय.' 'बाटलीला लागला.' 'बाहेरचं काहीतरी लागलंय.' हे शब्द निदान म्हणून कच्चे आहेत, पण 'आल्यापासून' या एका शब्दात घरच्यांनी कारण ओळखलेलं आहे.

शरीराच्या जखमांचं तसं नव्हतं. तिथे पुणे परिसराचा इतिहास खरोखर अभिमान वाटावा असा आहे. युद्धात हात-पाय गमावलेल्या हिंदी सैनिकांना धंदेशिक्षण देण्यासाठी १९१७ साली मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल निघालं, पुढे ते खडकीला आलं आणि आजही चालू आहे. पुण्यातलं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं, म्हणजे सिंगापूरचे कैदी अजून कैदेतच होते तेव्हाचं. तुटलेला पाय डॉक्टरला दाखवता येतो, मोजता येतो, त्याचा साचा घेता येतो. पायाला कोणी विचारत नाही की तू पांढरा की काळा.

लाल किल्ल्यावर नोव्हेंबर १९४५ मध्ये आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि देशभर वातावरण पेटलं. त्यापुढचा भाग तुम्हाला शाळेत शिकवलेला आहे. काळ्या यादीतले लोक रातोरात वीर झाले. काँग्रेसने त्यांच्यासाठी मदत समिती काढली, काहींना नोकऱ्या मिळवून दिल्या. पण स्वतंत्र भारताच्या सैन्यात त्यांना परत घेतलं नाही. हार घालायचे आणि पलटणीत घ्यायचं नाही, ही आणखी एक मधली जागा. सैनिकासाठी पलटण म्हणजे केवळ नोकरी नसते, गावाबाहेरचं गाव असतं.

या सगळ्यात एक मराठी माणूस मला वारंवार भेटतो. जगन्नाथराव भोसले. सावंतवाडी संस्थानातले, सँडहर्स्टला शिकलेले, मराठा पलटणीत कमिशन मिळालेल्या पहिल्या हिंदी अधिकाऱ्यांपैकी. सिंगापूर पडलं तेव्हा ते इथे होते. पुढे आझाद हिंद सेनेच्या लष्करी कारभाराची सूत्रं त्यांच्या हातात आली आणि सुभाषबाबूंच्या सरकारात ते मंत्री झाले. युद्धानंतर कैद. मग १९५२ साली ते रत्नागिरी भागातून लोकसभेत निवडून आले, आणि नेहरूंच्या मंत्रिमंडळात त्यांना उपमंत्रिपद मिळालं. खातं होतं पुनर्वसन.

पुनर्वसन फाळणीच्या निर्वासितांचं, सैनिकांचं नव्हे. पण १९५४ मध्ये त्यांनी दिल्लीच्या लाजपतनगरमधल्या कस्तुरबा निकेतन या निर्वासितांच्या वसाहतीत 'राष्ट्रीय शिस्त योजना' सुरू केली. घरदार गमावलेल्या मुलांना सकाळी उठवून कवायत, गाणी, खेळ, टापटीप, एकत्र जेवण. पुढे ती योजना अनेक राज्यांतल्या शाळांमध्ये पसरली. 'शिस्त' या शब्दाची आज आपल्याला धास्ती वाटते, आणि त्या योजनेवर टीका करण्यासारखंही बरंच आहे. तरी मी ती वेगळ्या नजरेने वाचतो. सैन्य गमावलेल्या माणसाने, घर गमावलेल्या मुलांना, आपल्याला जे एकच औषध माहीत होतं ते दिलं. ठरलेली वेळ, शेजारी उभा असलेला माणूस, आणि एकत्र पाऊल टाकणं. टॅव्हिस्टॉकच्या डॉक्टरांनी ज्याला तुटलेला धागा म्हटलं, तो विणायचा भोसल्यांचा हा सुताड्याचा मार्ग असावा. ते स्वतः रात्री कसे झोपायचे हे मी कुठेच वाचलेलं नाही.

सिंगापूरमधल्या मराठी घरांत सैन्य हा विषय निघतो तो मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला की. आईवडिलांच्या आधारे मुलगाही पीआर झालेला असेल तर त्याला नॅशनल सर्व्हिस चुकत नाही. साधारण दोन वर्षं, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं राखीव सैनिक म्हणून अधूनमधून बोलावणं. गणपतीच्या जेवणात या विषयावर पालकांचे तट पडलेले मी बघितलेत. इथल्या लष्कराकडे स्वतःचे समुपदेशक आहेत, चोवीस तासांची फोनलाइन आहे. तरीही 'मानसिक त्रास आहे असं सांगितलं तर नोंद होईल का?' हाच प्रश्न मुलं आधी एकमेकांना विचारतात. फॅरर पार्कच्या शिपायाला तो विचारायचीही सोय नव्हती, पण प्रश्नाची चव ओळखीची आहे. आणि योगायोग म्हणा, लष्करी वैद्यकीय सहायकांचं शिक्षण जिथे होतं तो तळ आहे नी सून कॅम्प. हिंदी कैद्यांच्या छावण्यांच्या यादीतलं तेच नाव.

१९७२ साली, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी, भारत सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी पेन्शन योजना आणली आणि आझाद हिंद सेनेतल्या लोकांनाही तिच्यात जागा मिळाली. तोवर हे लोक पन्नाशी-साठीत पोचले होते. ज्या कैदेमुळे पंचवीस वर्षांपूर्वी पगार बुडाला, तीच आता कमाईला लागणार होती. अर्जात सहा महिन्यांच्या तुरुंगवासाचा पुरावा लागायचा. आधी विचारलं होतं तू कोणाकडून होतास. आता विचारलं जात होतं किती महिने आत होतास, आणि दाखला कुठे आहे. गावोगावचे हे म्हातारे तालुक्याच्या कचेरीत रांगेत उभे राहिले, जुन्या सोबत्यांकडून प्रतिज्ञापत्रं गोळा करत. ज्यांचे सोबती न्यू गिनीत राहिले होते, त्यांना साक्षीदार मिळणं कठीण होतं.